श्टॉकहाउझनचं गणित कानाला कळतं की फक्त कागदावर दिसतं?

खर्ज (धागाकर्ता)

जर्मन संगीतकार कार्लहाइन्झ श्टॉकहाउझन (1928–2007) यांच्याबद्दल एक वाक्य सर्रास ऐकू येतं: स्वरलिपी वाचायला भारी, ऐकायला निव्वळ गोंगाट. मला हे मान्य नाही. निदान 1970 च्या 'मंत्र' या रचनेबाबत तर नाहीच.

साहित्य मोजकं आहे. दोन पियानो, प्रत्येक वादकाकडे बारा लहान कांस्य चकत्या (क्रोटाल) आणि एक लाकडी ठोकळा, शिवाय प्रत्येक पियानोला एक रिंग मॉड्युलेटर. तासाभराहून मोठ्या या रचनेचा सगळा डोलारा तेरा स्वरांच्या एका वाक्यावर उभा आहे. वाक्य 'ए' या पाश्चात्य स्वरावर सुरू होतं आणि 'ए' वरच संपतं. प्रत्येक स्वराला स्वतःचा स्वभाव दिलेला आहे: पहिल्यावर एकसारखे ठोके, पुढे कुठे कंप, कुठे झटका. रचना जसजशी पुढे जाते तशी स्वरांमधली अंतरं ताणली जातात, पण आकार आणि स्वभाव टिकून राहतात. म्हणून वाक्य ओळखू येतं.

पण कानाला खरा आधार मिळतो तो मॉड्युलेटरचा. त्यात पियानोचा आवाज आणि एक शुद्ध साइन स्वर (एकाच कंपनसंख्येचा) यांचा गुणाकार होतो. बाहेर पडते ती दोघांच्या कंपनसंख्यांची बेरीज आणि वजाबाकी. साइन 220 हर्ट्झवर आहे आणि पियानोवर 440 वाजला असं समजा. 660 आणि 220 मिळतात. 440 चा दुसरा आंशिक (स्वरातच मिसळलेला वरचा सूर) 880, त्याचे 1100 आणि 660. सगळ्या संख्या 220 च्या पटीत, त्यामुळे आवाज एकजीव होतो. आता शेजारची काळी पट्टी दाबा, 466. 686 आणि 246 मिळतात, तिच्या दुसऱ्या आंशिकातून 1152 आणि 712. यांचा एकमेकांशी मेळ नाही, म्हणून घंटेसारखा धातूचा नाद येतो. थोडक्यात, साइन स्वर इथे षड्जाचं काम करतो. त्याच्याशी जुळलेला स्वर घरी आल्यासारखा वाटतो आणि न जुळलेला खडबडीत. रचनेचे तेरा मोठे भाग आहेत, भाग बदलला की हा 'सा' बदलतो आणि त्याची सूचना पहिला वादक क्रोटालवर देतो. यातलं काय कानाला कळत नाही?

तीव्र मध्यम

असहमत. तुम्ही त्यांचं सगळ्यात सोयीचं उदाहरण उचललंत. त्यांची 'ग्रुपन' ही रचना घ्या (1955–57). तीन वाद्यवृंद, 109 वादक, तीन संचालक. सप्तकाचे जसे बारा अर्धस्वर, तशाच बारा लयी: मिनिटाला 60, 63.5, 67, 71, 75.5 असं करत 120 पर्यंत. दुप्पट लय म्हणजे 'वरचं सप्तक'. कागदावर देखणं आहे. पण 63.5 आणि 67 यांतला फरक 'एक अर्धस्वर' म्हणून ओळखणारा कान कुठला? स्वरांची अंतरं कान आपोआप जोखतो, कारण आंशिक एकमेकांवर बसतात किंवा घासतात. दोन लयींत असं काही बसत नाही की घासत नाही. एका क्षेत्रातली मोजपट्टी दुसऱ्या क्षेत्रात नेली की ती तिथेही चालेल, हे गृहीतकच चुकीचं आहे. 'ग्रुपन' मध्ये लक्षात राहतं ते काय? पितळी वाद्यांचा (ब्रास) एक स्वरसंघात (कॉर्ड) एका वृंदाकडून दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे फिरतो तो. त्याला लयींचं सप्तक लागत नाही, कान आणि धाडस लागतं.

बाकी 'मंत्र' या नावामुळे आपल्याकडे लोक लगेच रागाची उपमा द्यायला धावतात. रागात गाणाऱ्याला मोकळीक असते. इथे जवळजवळ प्रत्येक ठोका लिहिलेला आहे.

जवारी

तीव्र मध्यम, लयींच्या सप्तकाबद्दल तुमचं बरोबर. पण तेवढ्यावरून माणूस कागदी ठरत नाही. 'स्टुडिए 2' (1954) बघा. तीन मिनिटांची, ध्वनिफितीवर तयार केलेली रचना, संपूर्ण आकडेमोडीवर उभी, आणि ती आकडेमोड ऐकू येते.

तिथे 100 हर्ट्झपासून 81 कंपनसंख्या आहेत. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीच्या सुमारे 1.0665 पट, म्हणजे 5 चं पंचविसावं मूळ. आपला अर्धस्वर 1.0595 पट असतो. पायरी थोडी रुंद, त्यामुळे 2 पट, म्हणजे सप्तक, कुठेच नेमकं लागत नाही. पंचवीस पायऱ्या चढल्यावर बरोबर 5 पट होते. तंबोऱ्याच्या खर्जातून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो तो पाचवा आंशिक, म्हणजे हेच गुणोत्तर. अर्थात रचनाकाराने ते तंबोऱ्यावरून घेतलेलं नाही. सप्तक टाळणं हा हेतू होता आणि तो साधला: कानाला बूड सापडत नाही, सगळं तरंगत राहतं.

करण्याची पद्धतही कागदी नव्हती. पाच साइन स्वरांचे फितीचे तुकडे एकापुढे एक चिकटवायचे, ती फीत प्रतिध्वनी कक्षात वाजवायची आणि कक्षातून परत येणारा आवाज तेवढा ध्वनिमुद्रित करायचा. पाचही स्वर सरळ एकत्र मिसळले तर ऑर्गनच्या स्वरसंघातासारखे वेगवेगळे कळतात. प्रतिध्वनीत ते विरघळतात आणि एकच रंगीत आवाज होतो. अशी 193 मिश्रणं. फीत सेकंदाला 76.2 सेंटिमीटर धावायची, म्हणून अर्ध्या सेकंदाचा आवाज म्हणजे 38.1 सेंटिमीटर फीत, मोजपट्टी लावून कात्रीने कापलेली. ज्याने काळ असा हातात धरून कापला, त्याच्यावर कागदी असल्याचा आरोप टिकत नाही.

पेटी उघडा

खर्ज यांचा हिशेब बरोबर आहे, पण तो कार्यक्रमात टिकतो का, ते बघायला हवं. 'मंत्र' मध्ये गोष्टी बिघडतात त्या अशा.

एक, साइनची गळती. पियानो गप्प असताना गुणाकार शून्य यायला हवा. जुन्या अ‍ॅनालॉग मॉड्युलेटरमध्ये समतोल तंतोतंत कधीच नसतो, त्यामुळे शांततेत साइनची बारीक शिट्टी ऐकू येत राहते. ती लपवायला आवाज तोडणारा गेट लावतात. तो कडक लावला की पियानोच्या स्वराची विरत जाणारी शेपटी कापली जाते, आणि मॉड्युलेशनचा रंग सर्वांत स्पष्ट दिसतो तो नेमका त्या शेपटीत. म्हणून आधी मॉड्युलेटरचा समतोल साधायचा, गेट अगदी शेवटी आणि सौम्य ठेवायचा. संगणकावर गळतीचा प्रश्न सुटतो. पुढचे दोन सुटत नाहीत.

दुसरी गोष्ट पियानोच्या पट्टीची. सभागृहातला पियानो बरेचदा 440 ऐवजी 442 ला लावलेला असतो. साइन 220 वरच ठेवला तर 'घरच्या' स्वरातून 222 आणि 662 निघतात, त्याच्या दुसऱ्या आंशिकातून 664 आणि 1104. 662 आणि 664 यांच्यात सेकंदाला दोन डोल पडतात. जो स्वर स्थिर लागायला हवा तोच हलतो, आणि 'सा' चा सगळा मुद्दा तिथेच ढासळतो. साइन 221 वर न्यायचा, एवढंच काम. पण ते पियानो लावून झाल्यावर, त्याच दिवशी करायचं.

राहिलं सभागृह. लहान जागेत पियानोचा थेट आवाज मॉड्युलेटेड आवाजाला झाकून टाकतो आणि श्रोत्याला फक्त 'बिघडलेला पियानो' ऐकू येतो. स्पीकर वादकांच्या मागे, उंचावर हवेत. मायक्रोफोन पियानोच्या एकाच भागातल्या तारांजवळ खुपसला तर बाकीच्या स्वरांना रंगच चढत नाही.

तेव्हा रचना कानाला कळते, हे मान्य. पण ती कळते की नाही हे अर्ध्याहून अधिक ध्वनियोजकाच्या हातात असतं, आणि तो श्रेय-अपश्रेयाचा वाटा कोणी मोजत नाही.

मंद्र

या चर्चेत श्टॉकहाउझन यांचं आयुष्य कुठेच आलं नाही. आईला 1941 मध्ये जर्मनीतल्या हाडामार इथे नाझींनी मनोरुग्ण म्हणून मारलं. वडील 1945 मध्ये युद्धात बेपत्ता झाले. मुलगा सोळाव्या वर्षी लष्करी रुग्णालयात जखमींची ने-आण करत होता. अशा माणसाला एकसारख्या कवायती ठेक्याचा तिटकारा असेल तर नवल काय? लय मोडण्याचं गणित तिथून आलं.

तीव्र मध्यम

मंद्र, ती हानी भयंकर आहे, तिच्याबद्दल वाद नाही. पण तिच्यातून 5 चं पंचविसावं मूळ निघत नाही. त्याच पिढीत तसंच होरपळलेले संगीतकार हान्स वेर्नर हेन्झे सुरेल ऑपेरा लिहीत होते. आणि 'मंत्र' ची सुरुवातच एकसारख्या ठोक्यांनी होते, हे खर्ज यांनीच वर लिहिलंय.

खर्ज

पेटी उघडा, 442 चा मुद्दा माझ्या हिशेबात नव्हता, तो महत्त्वाचा आहे. तीव्र मध्यम, 'ग्रुपन' च्या लयींबद्दल मी माघार घेतो. पण लय आणि स्वर यांचा संबंध कानाला दाखवणारी त्यांचीच दुसरी रचना आहे: 'कोन्टाक्टे' (1958–60). साधारण सतराव्या मिनिटाला एक स्वर खाली घसरायला लागतो. घसरत घसरत तो फुटतो आणि त्याचे सुटे ठोके ऐकू येतात. सेकंदाला वीसच्या आसपास कंपनं उरली की कान स्वर ऐकणं सोडून ठोके मोजू लागतो, आणि ती सीमा तुमच्या कानासमोर ओलांडली जाते.

तीव्र मध्यम

'कोन्टाक्टे' मान्य, पूर्णपणे. तिथे मोजपट्टी एका क्षेत्रातून दुसऱ्यात उचलून नेलेली नाही, दोन्ही क्षेत्रं एकाच आवाजात सलग आहेत. 'ग्रुपन' मध्ये हाच सांधा नाही.

जवारी

'श्टिमुंग' (1968) राहिलं. सहा गायक, सत्तर मिनिटांच्या आसपास एकच स्वरसंघात: सुमारे 57 हर्ट्झच्या न गायल्या जाणाऱ्या मूळ स्वराचे 2, 3, 4, 5, 7 आणि 9 पट. आधाराचा सूर फक्त गायकांना ऐकू जाईल एवढाच वाजवतात. घसरण होते ती 7 वर, म्हणजे सुमारे 399 हर्ट्झवर. पियानोचा तो स्वर अर्धस्वराच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने वर असतो, आणि पियानोवर तयार झालेला गळा नकळत तिकडे सरकतो. सरकला की 5 आणि 7 मधला गुंजनाचा धागा तुटतो, आणि ते शेवटच्या रांगेतही कळतं.