मंदीत कारागीर कशाने बुडतो: काम नसल्याने की अडकलेल्या पैशाने?

(चर्चा. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

मोजमाप

बांधकामं मंदावली की ओरड एकच असते, हाताला काम नाही. माझं मत थोडं वेगळं आहे. लेबर ठेकेदार आणि त्याची माणसं रिकाम्या दिवसांत बुडत नाहीत. ती बुडतात त्याआधीच्या तीन-चार महिन्यांत, काम चालू असताना.

हिशोब मांडतो. समजा आरसीसीचा (सळई आणि काँक्रीटच्या कामाचा) लेबर ठेका, म्हणजे फक्त मजुरीचा, ४० लाखांचा आहे. ५ टक्के रिटेन्शन (काम नीट झाल्याची हमी म्हणून कापून ठेवलेले पैसे) म्हणजे २ लाख बिल्डरकडे राहिले. टीडीएस १ टक्का, ४० हजार. ते निदान रिटर्न भरल्यावर हाती येतात. ठेकेदाराला सुटणारा नफा १० टक्के धरला तर ४ लाख. म्हणजे सगळं सुरळीत पार पडलं तरी अर्धा नफा रिटेन्शनमध्ये अडकलेला.

आता फ्लॅटचं बुकिंग आटलं की चिन्हं दिसायला लागतात. आरए बिल (झालेल्या कामाचं चालू बिल) पंधरा दिवसांऐवजी दीड महिन्याने निघतं. मोजणीला इंजिनिअर येत नाही. सिमेंट एकदम २०० गोणी यायचं, ते ५०-५० यायला लागतं. आणि सगळ्यात वाईट वाक्य म्हणजे "पुढच्या स्लॅबबरोबर एकदम देतो". एका स्लॅबचं लेबर बिल ५ लाख असेल आणि दोन थकली, तर १० लाख बाहेर, म्हणजे अख्ख्या ठेक्याच्या नफ्याच्या अडीचपट. इकडे शनिवारची खर्ची (माणसांना दर आठवड्याला द्यायचे पैसे) चुकत नाही. १५ माणसं, आठवड्याला माणशी २,००० धरले तरी महिन्याला सव्वा लाखाच्या वर. ते ठेकेदार व्याजाने उचलतो. जीएसटी नंबर असेल तर बिल फाडलं की कर भरा, पैसे येवोत न येवोत.

म्हणून म्हणतो, दुसरं बिल थकलं की पुढच्या स्लॅबची सेंटरिंग (काँक्रीट धरून ठेवणारा तात्पुरता साचा आणि टेकू) चढवू नका. काम थांबवणं हेच मंदीतलं पहिलं शहाणपण.

रिंगवाला

साहेब, कागदावर बरोबर आहे. साइटवर नाही.

लेबर बिल कधी निघतं? स्लॅब पडल्यावर. प्लेटा चढवल्या, बीमचे तळ लावले, सळई बांधून झाली, कव्हर ब्लॉक घातले, आणि त्या दिवशी काँक्रीट आलंच नाही, तर मोजमाप शून्य. पाच हजार फुटांचा स्लॅब, फुटाला ४ किलो धरा, २० टन सळई. एक फिटर आणि एक हेल्पर दिवसाला साधारण २०० किलो बांधतात. म्हणजे शंभर जोडी-दिवस उन्हात पडून आणि एमबीत (मोजमापाच्या वहीत) एक ओळ नाही. मंदीत साइट थांबते ती बहुतेक वेळा इथेच, कारण बिल्डरचे रोख पैसे लागतात ते आरएमसीच्या (तयार काँक्रीटच्या) गाडीला.

दुसरं म्हणजे सेंटरिंगचं सामान. ते ठेकेदाराचं असतं किंवा भाड्याचं. भाडं समजा फुटाला महिन्याला ५ रुपये, तर त्याच स्लॅबचे २५ हजार महिना. काम बंद असलं तरी मीटर चालूच. तुम्ही म्हणता थांबवा. थांबवलं तर सामान आत अडकतं, आणि "आधी स्लॅब पूर्ण कर, मग सामान ने" म्हणून गेटवर अडवतात.

तिसरं म्हणजे माणसं. फिटरची टोळी महिनाभर रिकामी बसली की फुटते. मुर्शिदाबादची, छपऱ्याची मुलं एकदा गावी गेली की परत आणायला पुन्हा उचल द्यावी लागते. ती उचल कुठल्या बिलातून वसूल करायची?

मोजमाप

रिंगवाले दादा, एक दुरुस्ती मान्य. थांबायचं ते स्लॅब पडल्यावर, पुढचा चढवण्याआधी. मधे नाही. पण लगेच सामान काढता येत नाही हेही ध्यानात ठेवा. आयएस ४५६ (काँक्रीट कामाचं भारतीय मानक) प्रमाणे साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेकू ७ दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याला १४ दिवस. बीम ६ मीटरपर्यंत १४ दिवस, वर २१. थंडीत किंवा पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट असेल तर थोडं जास्तच धरा. म्हणजे थांबायचा निर्णय झाल्यावरही सामान बाहेर यायला तीन आठवडे. बिल्डरला तोंडी सांगू नका. मोजणीच्या तारखेसह पत्र द्या, पोच घ्या.

ओळंबा

दोघेही आरसीसीवाल्यांबद्दल बोलताय. मंदी सगळ्या धंद्यांना एकाच दिवशी लागत नाही, यावर कुणी बोलत नाही.

मुंबईचं उदाहरण घ्या. कचराभूमीच्या प्रश्नावरून उच्च न्यायालयाने २९ फेब्रुवारी २०१६ ला नव्या बांधकाम परवानग्यांवर बंदी घातली. पुनर्विकास, झोपडपट्टी पुनर्वसन, रुग्णालयं असली कामं वगळून. सर्वोच्च न्यायालयाने ती सहा महिन्यांसाठी सैल केली १५ मार्च २०१८ ला. मधली दोन वर्षं. आता आधीच सीसी (काम सुरू करायचा परवाना) मिळालेल्या इमारती चालूच होत्या. पहिला फटका खोदाई, पायलिंग, फुटिंगवाल्यांना. फिटर आणि सेंटरिंगवाले त्यांच्यामागे काही महिन्यांनी. गवंड्याकडे वीटकाम-प्लास्टर तोवर शिल्लक असतं. फरशीवाला, प्लंबर, पीओपीवाला त्याच्याही मागे. रंगारी सगळ्यात शेवटी.

परवानग्या पुन्हा सुरू झाल्या की उलटं. फिटरला आधी बोलावणं येतं आणि रंगाऱ्याची रिकामी वर्षं तेव्हा सुरू होतात. पेपरात तेजी आणि रंगारी नाक्यावर. म्हणून मंदीत कारागिरांना मदत म्हणून ज्या योजना निघतात, त्या संपतात तेव्हा फिनिशिंगवाल्याला खरी गरज असते.

आणि मुंबईत त्याच सुमारास नोव्हेंबर २०१६ ची नोटबंदी, मे २०१७ पासून महारेरा (बिल्डरांवरचं राज्याचं नियामक प्राधिकरण), जुलै २०१७ पासून जीएसटी, सप्टेंबर २०१८ मध्ये आयएलअँडएफएस या वित्तसंस्थेची कर्जं थकल्यानंतर बिल्डरांना कर्जं मिळेनाशी झाली. कोणत्या मंदीचा मार कोणत्या कारागिराला बसला हे वेगळं काढणंच अवघड. "पैसे अडकले" हे सगळ्यांना एकसारखं लागू करू नका. रंगाऱ्याचं काम छोटं आणि शेवटचं. त्याचे पैसे ताब्याच्या घाईत बऱ्याचदा मिळतातही. त्याला खरंच काम नसतं.

गळतीवाला

काम नसतं हे मला पटत नाही. नवी कामं थांबली की लोक जुनी घरं दुरुस्त करतात. गच्चीचं वॉटरप्रूफिंग, बाथरूम फोडून नवं करणं, बाहेरचं प्लास्टर आणि रंग, कॉलमची दुरुस्ती. पुण्या-मुंबईत तीस-चाळीस वर्षांच्या सोसायट्या कमी आहेत का? आणि सोसायटीचं पेमेंट बिल्डरपेक्षा बरं. मेंटेनन्सचा सिंकिंग फंड (मोठ्या दुरुस्तीसाठी साठवलेले पैसे) आधीच जमा असतो.

कारागीर शिकायला तयार नाहीत, हा खरा प्रश्न. कॉलमची दुरुस्ती म्हणजे सुटलेलं काँक्रीट तोडा, सळई पूर्ण उघडी पडेपर्यंत मागून २० मिमी जागा करा, तारेच्या ब्रशने गंज काढा, झिंकचं प्रायमर मारा, बाँडिंग कोट ओला असतानाच पॉलिमर मॉर्टर भरा, एका थराला १०-१२ मिमीच्या वर नको. गवंडी बाँडिंग कोट मारतो, चहाला जातो, तो सुकतो, मग मॉर्टर भरतो. वर्षभरात पोकळ वाजतं. ज्याने हे नीट केलं त्याला कधी मंदी नाही.

रिंगवाला

गळतीवाले भाऊ, गवंड्याचं ठीक. फिटरचं काय? अख्ख्या सोसायटीच्या दुरुस्तीत जेमतेम एक-दोन टन सळई लागते. दहा जोड्यांना एक दिवसाचं काम. सेंटरिंगवाल्याला तर त्याहून कमी, छज्जा आणि कॉलमच्या जॅकेटच्या दोन पेट्या. इथे गवंड्यासारखे हात लागतात, टोळी लागत नाही.

शिवाय परांचीवर दहा माळे चढून हॅमर चालवणं वेगळं. हार्नेस न देता चढवणाऱ्यांचे दर सगळ्यात कमी असतात आणि मंदीत काम त्यांनाच जातं.

गळतीवाला

हार्नेसचं शंभर टक्के. बाकी मला अजूनही पटलेलं नाही. प्लंबर, वायरमन, गवंडी, रंगारी, फरशीवाला एवढे तरी वळू शकतात ना?

साइटबुक

मी बिल्डरच्या बाजूचा समजा. पैसे थकतात हे खरं, पण काम पुन्हा सुरू होताना जे बिघडतं त्याचा खर्च दोघांनाही धरता येत नाही, आणि भांडणं तिथे होतात. थांबवताना दोन दिवस दिले तर वाचतं.

कॉलमच्या उघड्या सळया (स्टार्टर): सिमेंटचा पातळ घोळ मारून ठेवा, पाऊसपाण्याची साइट असेल तर वर प्लास्टिक बांधा. हे न करता दोन पावसाळे गेले की सळई पापुद्रे सोडते. परत सुरू करताना नुसतं ब्रश मारून पुढे जाऊ नका. एक मीटर तुकडा कापा, गंज काढा, तोला. १६ मिमीची सळई मीटरला १.५८ किलो भरते. दीड किलोच्या खाली गेली तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पुढचं काँक्रीट नाही. तो सळई जोडायला सांगेल किंवा केमिकलने नवी बसवायला. हे काम फिटरच्या जुन्या दरात बसत नाही, आणि "तूच बांधली होतीस" म्हणून त्याच्याकडून फुकट करून घेतात. तेवढं रिंगवाल्यांच्या बाजूने बोललो.

बांधून तशाच राहिलेल्या स्लॅबची तर त्याहून पंचाईत. सळई बसवलेली, खाली प्लाय. पावसात प्लाय फुगतो, सांधे उघडतात, काँक्रीटच्या दिवशी घोळ खाली गळतो आणि खालून मधमाश्यांच्या पोळ्यासारखं दिसतं. बाइंडिंग वायर गंजून तुटते, कव्हर ब्लॉक सरकतात. सहा महिन्यांनी निदान खालची बाजू पूर्ण तपासा. बऱ्याचदा उलगडून पुन्हा बांधणंच स्वस्त पडतं.

वायरमनसाठी: २५ मिमीच्या पाइपांची तोंडं टोपी किंवा टेपने बंद करा. उघडी राहिली की प्लास्टरचा माल आत जाऊन बसतो आणि परत आल्यावर भिंत फोडायची वेळ येते. वायर ओढून ठेवू नका. बंद साइटवर तांबं राहत नाही. प्लंबर: झिरीत घातलेल्या सीपीव्हीसीची (पाण्याच्या प्लास्टिक पाइपची) प्रेशर टेस्ट थांबण्याआधीच करून, तारीख-वेळेसह गेजचा फोटो ठेवा. उन्हात उघडा राहिलेला सीपीव्हीसी ठिसूळ होतो, तो भाग बदला.

सिमेंट तीन महिन्यांनी ताकद गमावतं, साधारण पाचवा हिस्सा गेला असं धरतात. गोणीत खडे झाले की ते स्लॅबला नाही.

नाका क्र. ३

तुम्ही सगळे ठेकेदारांचं बोलताय. बिगाऱ्याला ना रिटेन्शन, ना बिल.

बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी घ्या. वय १८ ते ६०, आणि गेल्या १२ महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला. नूतनीकरणालाही तोच. म्हणजे साइट बंद पडली, ९० दिवस भरले नाहीत, की जेव्हा मंडळाची गरज तेव्हाच नोंद गेली. दाखला देणारा ठेकेदार पळालेला असेल तर ग्रामसेवक किंवा पालिकेच्या कार्यालयात जा. तिथे विचारतात, कुठल्या साइटवर? १ टक्का सेस (कामगार कल्याणाचा उपकर) बिल्डरकडून वसूल होतो, पण त्या साइटवर कोण होतं याची यादी त्याच्याशी जोडलेली नसते.

दिल्लीत प्रदूषणामुळे बांधकाम बंद ठेवलं तेव्हा, डिसेंबर २०२४ ला, सर्वोच्च न्यायालयाने नोंदीत कामगारांचे मदतीच्या ८,००० रुपयांमधले उरलेले ६,००० लगेच द्यायला लावले. त्याच महिन्यात ३० तारखेला मुंबई पालिकेने हवेच्या कारणाने भायखळा आणि बोरिवली पूर्वेची बांधकामं थांबवली. नोंद नसलेल्या माणसाला दोन्हीकडे सारखंच.

मुकादमाने हजेरीच्या डायरीत साइटचं नाव, महारेरा क्रमांक आणि दिवस लिहून, महिन्याला शिक्का मारून फोटो दिला तर पुढे दाखल्याला उपयोगी पडतं. फुकट आहे, कुणी करत नाही.

मोजमाप

हे बरोबर, आणि मी सुरुवातीला सोडलं होतं. ठेकेदारांसाठी एक सांगतो. उद्यम नोंदणी (छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी) करा. आयकरातल्या तरतुदीमुळे (१९६१ च्या कायद्यातलं कलम ४३बी(एच)) १ एप्रिल २०२४ पासून सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल लेखी करार असल्यास ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत दिलं नाही, तर बिल्डरला तो खर्च पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत वजा धरता येत नाही. मार्चमध्ये, वर्षअखेरीला, याचा उपयोग होतो.

साइटबुक

मार्चपुरताच. बिल्डरच तोट्यात असेल तर कसली वजावट? आणि एमएसएमई परिषदेत (छोट्या उद्योगांनी थकलेल्या बिलांची दाद मागायची सरकारी जागा) व्याज मागायला गेलात तर साहित्यासह काम, म्हणजे वर्क्स काँट्रॅक्ट, या कायद्यात बसतं का यावर कोर्टात वाद आहे. निव्वळ मजुरीचा ठेका असेल तर बाजू बरी. शिवाय रेरात बिल्डरवर पाच वर्षं बांधकामातले दोष दुरुस्त करून द्यायची जबाबदारी, म्हणून तो रिटेन्शनही पाच वर्षं धरायला बघतो. ते १२ महिन्यांवर लिहून घ्या.

रिंगवाला

लिहून घ्यायचंच असेल तर एक ओळ घ्या, बाकी कायदे राहू द्या. स्लॅबच्या दराचे तीन हप्ते: सळई बांधून इंजिनिअरने तपासली की ४० टक्के, काँक्रीट पडलं की ४०, खोलून सामान बाहेर आलं की २०. आणि १५ दिवसांच्या वर काँक्रीट आलं नाही तर सेंटरिंगचं भाडं बिल्डरचं. मग साइट कधीही थांबो.

साइटबुक

४० कुणी देणार नाही. २५ पासून बोलणी सुरू करा, ३० ला थांबा. भाड्याची ओळ मात्र सोडू नका, ती मान्य करतात, कारण त्यांना वाटतं काँक्रीट थांबणारच नाही.