चॅट सर्व्हरचा पत्ता डीएनएसमध्ये हवा की वेबसाइटवर?

पोर्ट_५२२२
एक्सएमपीपी या खुल्या चॅट प्रोटोकॉलचं खातं दिसायला थेट ईमेलसारखं (नाव@डोमेन). पण डोमेनची वेबसाइट एका मशीनवर आणि चॅट सर्व्हर भलत्याच मशीनवर असेल, तर क्लायंटनं, म्हणजे चॅटच्या ॲपनं, जोडायचं कुठे? त्यासाठी डीएनएसमध्ये (डोमेनच्या नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेत) एसआरव्ही नोंद आहे; तिचं आजचं रूप २००० सालच्या आरएफसी २७८२ या इंटरनेट मानकातलं. प्राधान्य, भार, पोर्ट आणि होस्टचं नाव, एवढंच तिच्यात असतं. पहिला सर्व्हर पडला की क्लायंट आपणहून पुढच्याकडे वळतो आणि वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही. हल्ली मात्र जो उठतो तो म्हणतो, डीएनएस सोडा, वेबसाइटवर चॅट सर्व्हरचा पत्ता सांगणारी 'होस्ट-मेटा' फाइल ठेवा आणि मोकळे व्हा. डीएनएसचं काम वेबसाइटच्या गळ्यात का मारायचं? मला पटत नाही. तुमचं काय?

टॅबवासी
असहमत. ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टला एसआरव्ही विचारताच येत नाही. तिला वेबसॉकेटची (ब्राउझरमधून सतत चालू राहणाऱ्या जोडणीची) यूआरएल लागते आणि ती एचटीटीपीएसवरच्या फाइलमधूनच मिळणार. 'डीएनएस-ओव्हर-एचटीटीपीएस (दुसऱ्याच कुणाच्या वेब सर्व्हरमार्फत डीएनएसला विचारणं) वापरा' असं कोणी म्हणायच्या आत सांगतो: म्हणजे तुमचे वापरकर्ते कुठल्या डोमेनवर गप्पा मारतात हे एका तिऱ्हाइताला कळवायचं. नको रे बाबा.

लॉगबघ्या
इथे दोन नोंदींची गल्लत होतेय. वेबसॉकेटचा पत्ता पूर्वी डीएनएसच्याच टेक्स्ट नोंदीत द्यायची सोय होती ('एक्सएमपीपी-कनेक्ट' नावाची, एक्सईपी-०१५६ या एक्सएमपीपीच्या विस्तारात). भानगड तिथे होती, एसआरव्हीत नाही.

एसआरव्हीनं कुठेही पाठवलं तरी क्लायंट सर्व्हरची ओळख पटवणारं प्रमाणपत्र तपासतो ते मूळ डोमेनच्या नावाचं. कोणी खोटं उत्तर घुसवलं तर फार तर कनेक्शन तुटेल, पासवर्ड जाणार नाही. टेक्स्ट नोंदीत मात्र अख्खी यूआरएल असते आणि टीएलएस (जोडणी सुरक्षित करणारी व्यवस्था) त्या यूआरएलमधल्या होस्टचं नाव तपासतं. म्हणजे चोरानं स्वतःच्या डोमेनचं अस्सल प्रमाणपत्र दाखवलं की क्लायंट खूश! २०२२ साली मेलियम या गो भाषेतल्या लायब्ररीत नेमकं हेच सापडलं (सुरक्षा-त्रुटी क्रमांक सीव्हीई-२०२२-२४९६८). डीएनएससेक (डीएनएसच्या उत्तरांवर डिजिटल सही) असतं तर गोष्ट वेगळी, पण ते किती डोमेनांवर चालू असतं, ते आपण सगळेच जाणतो.

पोर्ट_५२२२
टेक्स्ट नोंदीबद्दल वादच नाही, तिची बाजू मी घेणार नाही. पण तिच्या पापाचं खापर एसआरव्हीवर कशाला? ऑफिसच्या वायफायवर ५२२२ हे एक्सएमपीपीचं नेहमीचं पोर्ट बंद असतं, तिथे एक्सईपी-०३६८ मुळे वेबसाइटच्या ४४३ पोर्टवर सरळ टीएलएसनं जोडता येतं, आणि हेही एसआरव्ही नोंदीतूनच कळतं.

वसतिगृह_ॲडमिन
पोर्टरावांना +१. आमच्या संस्थेची वेबसाइट एका साइट-बिल्डरवर आहे. तिथे मुळाशी फाइल ठेवता येत नाही आणि सीओआरएसचा (दुसऱ्या साइटच्या पानाला ही फाइल वाचू देणारा) हेडर लावायचा म्हटलं की सपोर्टवाले 'वरच्या प्लॅनला या' म्हणतात. डीएनएस मात्र आमच्या हातात आहे. होस्ट-मेटावाल्यांनी सांगावं, आम्ही काय करायचं?

टॅबवासी
साइट-बिल्डर बदलायचा! गंमत सोडा. तुमच्या चॅट मशीनवर मूळ डोमेनचं प्रमाणपत्र लागतं ना? लेट्स एन्क्रिप्ट या फुकट प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची नेहमीची एचटीटीपी पडताळणी जाते वेबसाइटच्या मशीनवर. म्हणजे एकतर डीएनएस-०१ पद्धतीनं (डीएनएसमध्ये नोंद टाकून) पडताळणी करा, नाहीतर प्रमाणपत्र इकडून तिकडे कॉपी करत बसा. लॉगबघ्यांनी सांगितलेली ती सुरक्षितता काही फुकट येत नाही.

मॅट्रिक्स या दुसऱ्या खुल्या चॅट प्रोटोकॉलनं काय केलं बघा. क्लायंटसाठी फक्त वेल-नोन (वेबसाइटवर ठरलेल्या जागी ठेवलेली) फाइल. सर्व्हर-सर्व्हर जोडणीतसुद्धा आधी फाइल बघतात, ती नसेल तरच एसआरव्ही, आणि तीही नसेल तर ८४४८ पोर्ट. ज्यांनी नंतर सुरुवात केली त्यांनी हा क्रम उगाच निवडला नसणार.

लॉगबघ्या
मॅट्रिक्सचा मुख्य क्लायंट ब्राउझरमध्ये जन्मला, त्यामुळे क्लायंटपुरता दुसरा मार्गच नव्हता. तेवढ्यावरून एसआरव्ही मागासलेली ठरत नाही. वेबसाइट बंद पडली म्हणून फोनवरची चॅटही अडावी, हे मला तरी मान्य नाही.

नवखा_सर्व्हरवाला
मग दोन्ही ठेवले तर? भांडण कशाचं आहे तेच कळेना.

टॅबवासी
ठेवा की. पण सर्व्हर हलवताना एसआरव्ही बदलते आणि होस्ट-मेटामध्ये जुनी यूआरएल तशीच राहते. मग फोनवर सगळं ठीक आणि ब्राउझरवाल्यांचं 'कनेक्ट होत नाही' सुरू. असल्या तक्रारी सर्व्हरच्या लॉगमध्ये दिसतही नाहीत, कारण क्लायंट तिथवर पोचलेलाच नसतो.

वसतिगृह_ॲडमिन
फाइल ठेवायची कुठे, हे अजून कोणी सांगितलेलं नाही.