क्षेत्र मोठे की उद्योग? सूचीबद्ध कंपन्यांच्या वर्गवारीतले शब्द

प्रश्न : सेक्टर म्हणजे क्षेत्र आणि इंडस्ट्री म्हणजे उद्योग असे धरून कंपन्यांच्या वर्गवारीचे दोन इंग्रजी तक्ते मराठीत आणतो आहे. एका तक्त्यात सेक्टर ११ आहेत, दुसऱ्यात ४५. मग यातला मोठा कप्पा कोणता?

प्रतिसाद १ : तक्ता कुणाचा, ते आधी बघा. एमएससीआय आणि एस अँड पी या निर्देशांक बनवणाऱ्या संस्थांच्या १९९९ पासूनच्या जीआयसीएस या वर्गवारी पद्धतीत वरून खाली सेक्टर ११, इंडस्ट्री ग्रुप २५, इंडस्ट्री ७४ आणि सब-इंडस्ट्री १६३ अशी उतरंड आहे. एफटीएसई रसेल या तशाच संस्थेच्या आयसीबी पद्धतीत सर्वांत वर इंडस्ट्री (११), मग सुपरसेक्टर (२०), सेक्टर (४५), सबसेक्टर (१७३). भारतीय शेअर बाजारांच्या वर्गवारीत मॅक्रो-इकॉनॉमिक सेक्टरखाली सेक्टर येतो, त्याखाली इंडस्ट्री आणि बेसिक इंडस्ट्री. थोडक्यात, सेक्टर एकीकडे पहिल्या पायरीवर, एकीकडे दुसऱ्या, एकीकडे तिसऱ्या.

म्हणून लेखात सर्वांत वरच्या पायरीला ‘क्षेत्र’ म्हणा, मूळ नाव काहीही असो. तक्त्यात मात्र पद्धतीचे नाव आणि पायरी लिहाच. जीआयसीएसचा आठ अंकी संकेतांक असेल तर तो गाळू नका. ४५ माहिती तंत्रज्ञान, ४५१० सॉफ्टवेअर व सेवा, ४५१०३० सॉफ्टवेअर, ४५१०३०१० अॅप्लिकेशन सॉफ्टवेअर : दर पायरीला दोन अंक वाढतात. ४०१० आणि ४०१०१० या दोन्हींचे नाव नुसते ‘बँका’ आहे, तिथे अंकांवाचून पायरी कळतच नाही.

प्रतिसाद २ : सहमत. पण त्याहून घातक शब्द ‘उत्पन्न’. कोणी त्याचा अर्थ महसूल घेतो, कोणी नफा, आणि वर्गवारीचा नियम नेमका या फरकावर उभा आहे. जीआयसीएसमध्ये साधारणपणे ६० टक्क्यांहून जास्त महसूल ज्या सब-इंडस्ट्रीतून येतो, तिथे कंपनी जाते. तेवढा कुठूनच येत नसेल, तर महसूल आणि नफा या दोन्हींचा बहुतांश भाग जिथून येतो ती सब-इंडस्ट्री बघतात. तेही जमले नाही, तर व्यवसायाची अधिक छाननी होते. तीन किंवा अधिक क्षेत्रांत पसरलेल्या आणि कशातच बहुमत नसलेल्या कंपनीसाठी औद्योगिक समूह किंवा बहुक्षेत्रीय होल्डिंग (इतर कंपन्यांतील हिस्से धरणारी कंपनी) असे वेगळे कप्पे आहेत.

कप्पा मात्र प्रत्येक कंपनीला एकच. अॅमेझॉनच्या नफ्यात क्लाउड सेवेचा वाटा मोठा असूनही ती किरकोळ विक्रीत, म्हणजे कन्झ्युमर डिस्क्रिशनरी क्षेत्रात बसते. ‘उत्पन्नानुसार वर्गीकरण’ एवढेच लिहिले, तर हे वाचकाला चूकच वाटेल.

प्रश्नकर्ता : कन्झ्युमर डिस्क्रिशनरीला ‘चैनीच्या वस्तू’ चालेल?

प्रतिसाद २ : नको. त्यात मोटारी, हॉटेले, कपडे, घरगुती उपकरणे सगळे येते. ‘ऐच्छिक ग्राहकखर्च’ बरे. स्टेपल्सला (अन्न, साबण अशा रोजच्या वस्तू) ‘नित्योपयोगी’ म्हणा, पण मग युटिलिटीजना (वीज, पाणी, गॅस पुरवठा) ‘जनोपयोगी सेवा’ लिहिताना घाईत अदलाबदल होते, तेवढे तपासा. मटेरियल्सचे ‘साहित्य’ कृपया करू नका, साहित्य क्षेत्र म्हटले की कवी आठवतात. रसायने, सिमेंट, धातू, कागद, वेष्टने यांना मिळून ‘मूलभूत सामग्री’ पुरते. इंडस्ट्रियल्सला ‘उद्योग’ म्हटलेत, तर जीआयसीएसच्या तिसऱ्या पायरीच्या, म्हणजे इंडस्ट्रीच्या, नावाशी टक्कर होते. तिथे ‘औद्योगिक क्षेत्र’ लिहा. यंत्रसामग्रीबरोबर विमान कंपन्याही त्यातच असतात, ही टीप जोडा.

प्रतिसाद ३ : एक भर. ‘आयटी क्षेत्राचा निर्देशांकातला वाटा घटला’ हे वाक्य भाषांतरित करताना वर्ष बघा. जीआयसीएसमध्ये सप्टेंबर २०१८ मध्ये अल्फाबेट (गूगलची मूळ कंपनी) आणि फेसबुक माहिती तंत्रज्ञानातून नव्या कम्युनिकेशन सर्व्हिसेस क्षेत्रात गेल्या, मार्च २०२३ मध्ये व्हिसा आणि मास्टरकार्ड वित्तीय क्षेत्रात. अशा वेळी भाव न पडताही वाटा घटतो. तिथे ‘घसरण’ हा शब्द खोटा ठरतो, ‘फेरवर्गीकरणामुळे घट’ लिहावे. शिवाय आयसीबीत अल्फाबेट तंत्रज्ञानातच आहे, त्यामुळे दोन पद्धतींचे आकडे एकाच आलेखात जोडू नका.