आजीची पेटी आणि किरायाचा व्हीसीआर: छोट्या पिक्चरचं भेव, तुमचे अनुभव सांगा

महालवाली
मागच्या रविवारी नागपूरच्या महाल भागातलं आमचं जुनं घर रिकामं करत होतो. माळ्यावरची आजीची पेटी खाली उतरवली, भावानं कडीला हात लावला अन मी दोन पावलं मागं सरकले. वय ४७. तो पण हात तसाच ठेवून माझ्याकडं पाहत राहिला, मग हळूच म्हणे, "सामरी?"

१९८८ चा उन्हाळा, मी १० वर्षांची. गल्लीत घरटी १० रुपये काढून काकानं व्हीसीआर अन कलर टीव्ही किरायानं आणला, एका रात्रीत तीन पिक्चर, सकाळी ८ च्या आत परत. पहिला देवाचा, दुसरा मारधाडीचा, तिसरा रामसे बंधूंचा 'पुराना मंदिर', १९८४ चा. तोवर रात्रीचे २ वाजलेले, कूलरमधलं पाणी संपलेलं, अर्धी गल्ली सतरंजीवर झोपलेली. पाहणाऱ्यांना माहीतच आहे, त्या सामरीचं, म्हणजे पिक्चरमधल्या सैतानाचं, डोकं धडापासून तोडून पेटीत बंद केलेलं असतं. तर पेटी उघडायची वेळ आली अन टीव्हीवर पट्ट्या सुरू. नुसत्या पांढऱ्या पट्ट्या आणि तो आवाज. काकानं कोरी नोट काढून हेड पुसलं, चित्र परत आलं तोवर सगळं होऊन गेलेलं. कॅसेट मागं फिरवू द्यायला मोठे तयार नाहीत, रात्र संपत आली होती.

म्हणजे ते डोकं आम्ही पोरांनी पाहिलंच नाही, ज्यानं त्यानं आपापलं बनवून घेतलं. माझ्या सामरीला पापण्या नव्हत्या. भावाच्या सामरीला दात नव्हते हे मला या रविवारी कळलं, ३७ वर्षांनी. त्या उन्हाळ्यानंतर आजीच्या पेटीतून दुलई काढायला आमच्यापैकी एकही जात नसे, आजीच जायची गुडघे धरत. कॉलेजात असताना केबलवर पूर्ण पाहिला तेव्हा पेटीतून निघालेलं तोंड मला थकलेल्या माणसाचं वाटलं, कीव आली खरं सांगते. पण भेव गेलं नाही, कारण ते त्या तोंडाचं नव्हतंच कधी, पट्ट्यांमागच्या तोंडाचं होतं.

तुमचं पण लिहा. कमी पैशात बनलेला कोणताही पिक्चर, भुताचा असो नसो, जो अजून डोक्यातून गेला नाही.

तर्री जास्त
पेटीतल्या दुलया निघाल्या का मग??

आमचं सांगतो, इंजिनिअरिंग होस्टेल, हिंगणा रोड, एक लॅपटॉप अन सोळा पोट्टे, पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी लावला. त्यात काहीच होत नाही हो, एक जोडपं झोपलेलं, कॅमेरा स्टँडवर, कोपऱ्यात टाइम भराभर पळून राहिला, अन बेडरूमचं दार उघडं. फक्त दार. ते दार इतकंसं हललं अन आमच्यातला सगळ्यात दांडगा जो मेसमध्ये १४ पोळ्या खायचा तो माझ्या मांडीवर येऊन बसला. नंतर वाचलं की हा पिक्चर डायरेक्टरनं स्वतःच्या घरात आठवडाभरात शूट केला होता, १५ हजार डॉलरमध्ये. म्हणजे ते दार त्याच्या रोजच्या झोपायच्या खोलीचं. मला त्याचंच वाटलं, हा माणूस नंतर झोपला कसा असेल तिथं. आम्ही तं पंधरा दिवस बाथरूमला पाच पाच जण मिळून जायचो, माझ्या खोलीचं दार मी आजही लावूनच झोपतो, बायकोला कितीही गरम होवो

सदर
सामरीचं काम करणारे अजय अग्रवाल मुळात सिव्हिल इंजिनिअर, रुडकीला शिकलेले. महालवाली म्हणतात ते पटलं, त्या डोळ्यांत दुःख आहेच.

दुपारची पाळी
मी भुताचे पिक्चर पाहत नाही मला सहन होत नाही. पण काळी मारबत, तो मिरवणुकीतला मोठा पुतळा!! इतवारीत मामाकडं जायचो आम्ही तान्ह्या पोळ्याला. सहा वर्षांची असेन, मामानं खांद्यावर घेतलं अन ती गर्दीतून हलत हलत आली, तोंड बरोबर माझ्या तोंडासमोर. सगळे ओरडून राहिले घेऊन जा गे मारबत अन मला वाटलं मलाच घेऊन जाते. मामाचे केस असे धरले की त्याची टोपी गेली ती गेलीच. १८८१ पासून निघते म्हणतात ही मारबत, म्हणजे माझ्या पणजीनंही भेऊन पाहिली असेल. आता मुलीला नेते दरवर्षी, ती हसते. धागा चुकला असेल तर माफ करा कुकर लागलाय

तर्री जास्त
ताई टोपी सापडली का

वडसाकर
पिक्चर इकडं उशिरा आले, आमचा पिक्चर म्हणजे झाडीपट्टीचं, आमच्या पूर्व विदर्भातलं नाटक. दिवाळी झाली का सुरू, शंकरपट (बैलांची शर्यत) असला त्या गावात तं हमखास. रात्री १० ले पडदा उघडते अन पहाटेपर्यंत चालते. मी आठ वर्साचा, बापाच्या घोंगड्यात. नाटकात जमीनदारानं मारलेली सून परत येते, तं ते स्टेजवरून नाई आली, आमच्या मागून पब्लिकमधून आली, पांढरं पातळ, हातात कंदील, अन माह्या बाजूनं जातानी पातळाचा पदर माह्या गालाले लागला. अजून लागते. सकाळी तेच बाई चहाच्या टपरीवर पोहे खाऊन राहिली होती, मले पाहून हासली, मी रडत घरी पळालो. बाप म्हणे अबे ते कलाकार आहे. पण मी आजपर्यंत कोन्या पिक्चरले तितका भेलो नाई.

महालवाली
वडसाकर, काटा आला. पदर गालाला लागला म्हणजे संपलंच.

धरमपेठ
तुंबाड कोणीच कसा नाही लिहिला? डायरेक्टर राही बर्वेंनी त्याची मूळ गोष्ट, नारायण धारपांची, १९९३ मध्ये नागझिऱ्याला मित्राकडून ऐकली होती. आपल्या नागझिऱ्याला! मी कितीदा गेले तिथं, रात्री जंगल कसं गप्प होतं ते मला माहीत आहे, त्या अंधारात ऐकलेली गोष्ट माणूस २५ वर्षं सोडत नाही यात मला काही नवल वाटत नाही. ऑक्टोबर २०१८ ला लागला तेव्हा सोमवारी दुपारी हॉलमध्ये मी धरून सात जण होतो. सप्टेंबर २०२४ ला परत लागला तेव्हा त्याच शहरात मला पहिल्या रांगेत तिकीट मिळालं, मान दुखली पण आनंदानं रडले. पहिल्या वेळचे ते सहा जण कुठं असतील असं सारखं वाटत होतं.

फक्त वाचतो
भुताचा नाही, चालेल का. गाभ्रीचा पाऊस, २००९. आमचं गाव यवतमाळकडं. त्यात शेजारचा शेतकरी जीव देतो अन मग किसनाच्या बायकोला धास्ती बसते, ती लहान पोराला सांगते बाबांच्या मागं मागं राहा, नजर ठेव. मी तो पिक्चर नागपूरला रूमवर एकटा पाहत होतो, पोरगं बापाच्या मागं निघालं तिथं बंद केला. माझी आई पण मला पाठवायची. पाण्याचा तांब्या देऊन, जा बाबांना देऊन ये, अन ये म्हणत नसे लवकर. मला तेव्हा वाटायचं आईला बाबांची तहान कळते. पिक्चर पाहिला तेव्हा समजलं तांब्या कायचा होता. मी २२ वर्षांचा होतो. उरलेला भाग पाहायला मला चार वर्षं लागली. बाबा आहेत, बरे आहेत, नातवाला घेऊन बांधावर जातात.

महालवाली
दादा. काय लिहू. बाबांना नमस्कार सांगा.

वडसाकर
तुमच्या मायले पण.

दुपारची पाळी
वाचून हात थांबला माझा पोळ्या लाटताना

फक्त वाचतो
सांगतो सगळ्यांचे. आईला त्या तांब्याचं मी अजून विचारलेलं नाही.

सेमिनरी हिल्स
आम्ही चार मित्रांनी मागच्या वर्षी मोबाईलवर १२ मिनिटांची भुताची फिल्म केली, खर्च २,३०० रुपये, त्यातले ९०० समोशाचे. रक्त म्हणून कुंकू अन साखरेचा पाक केला, मुंग्यांनी हिरोईनला (माझी चुलत बहीण) उठवून लावलं. १९६८ च्या नाइट ऑफ द लिव्हिंग डेडमध्ये रक्त म्हणून चॉकलेट सिरप वापरलं होतं, ब्लॅक अँड व्हाइट होता म्हणून चाललं. ते आधी वाचलं असतं तर बहीण बोलत असती माझ्याशी. हा धागा वाचून एक नक्की केलं, पुढच्या फिल्ममध्ये भूत दाखवणार नाही. महालवाली ताई, तुमच्या पट्ट्यांची आयडिया घेऊ का?

महालवाली
घे रे बाबा, खुशाल घे. झाली की इथं सांग.

तर्री जास्त
पेटीचं राहिलंच. सागाची आहे का? भंगारात देऊ नका, आमच्याकडंची दिली अन आता हळहळतो

महालवाली
सागाचीच. दुलया निघाल्या, दोन कसरीनं खाल्लेल्या, एक चांगली, आजीच्या लुगड्याची. पेटी भाऊ घेऊन गेला, दुलई मी आणली. काल रात्री त्याचा फोन, बायको माहेरी गेली आहे, पेटी कुठं ठेवू, बेडरूममध्ये जागा आहे पण. मी म्हटलं हॉलमध्ये ठेव, कडी लावून.