जिंकलेल्या गाड्यांचे मॉडेल किट पुष्कळ झाले, आता हरलेल्यांचे काढा

चोविसावा हिस्सा (धागालेखक)

२७ एप्रिल १९७५, बार्सिलोनाचा मोंटजुइक, स्पॅनिश ग्रां प्री. रोल्फ स्टॉमेलेनच्या गाडीचा मागचा विंग तुटला आणि गाडी प्रेक्षकांत शिरली. ७५ पैकी २९ फेऱ्या झालेल्या असताना शर्यत थांबवली. अंतर पुरेसं न झाल्यामुळे सगळ्यांना निम्मेच गुण मिळाले. सहाव्या क्रमांकावर मार्च कंपनीची ७५१ गाडी घेऊन लेला लोम्बार्डी होती. सहाव्याला तेव्हा एक गुण असे, तिच्या वाट्याला अर्धा आला. फॉर्म्युला वनच्या जागतिक स्पर्धेत गुण मिळवणारी ती आजवरची एकमेव स्त्री.

ती मार्च मला १/२० मध्ये, म्हणजे खरीच्या विसाव्या हिस्स्याएवढी, जोडायच्या किटमध्ये हवी आहे. इंजेक्शन प्लास्टिकमध्ये, नीट बसणाऱ्या सस्पेन्शनसह, लोम्बार्डीच्या डेकलसकट (गाडीवर चिकटवायच्या छापील चिन्हांसकट).

आणखी एक मागतो. १९९० ची लाइफ संघाची एल१९०. चौदा वेळा प्रयत्न करून एकदाही प्राथमिक पात्रता फेरी पार न केलेली गाडी. पण तिचं इंजिन बघा: डब्ल्यू-१२, चार-चार सिलेंडरच्या तीन रांगा. इंजिन जोडण्यात ज्यांचा जीव रमतो त्यांना यापरतं काय पाहिजे?

आणि मर्सिडीजचा १९५५ चा तो निळा ट्रान्सपोर्टर, 'ब्लू वंडर'. पाठीवर रेसची गाडी घेऊन ताशी १६० किमीच्या वर पळणारा, ३०० एसएलचं इंजिन पोटात असलेला ट्रक. मूळ ट्रक १९६७ मध्ये भंगारात गेला. गाड्या आणणारे, चाकं बदलणारे, रात्रभर जागणारे, त्यांचंही काहीतरी कपाटात असावं की नाही?

उलट आपल्याला मिळतं काय? फोर्ड जीटी४० मार्क २ घ्या, १९६६ ची ल मान्स विजेती. १/१२ मध्ये किट कंपन्यांपैकी मेंगनेही काढली, ट्रम्पेटरनेही काढली. लॉटस ७९ १/२० मध्ये तामियाची आहे आणि हासेगावाचीही आहे. गाड्या थोर आहेत, वाद नाही. पण तीच गाडी दोघांनी करायची आणि मार्च ७५१ कुणीच करायची नाही, हे मला पटत नाही.

---

सँडपेपर ४००

असहमत, आणि सविस्तर असहमत.

प्लास्टिकचे भाग ओतायचा पोलादी साचा म्हणजे एकदाच उचलायचा भला मोठा खर्च. खोके हजारोंनी खपले तरच तो वसूल होतो. तामियाने पोर्शे ९३४ चा १/१२ किट करायला घेतला तेव्हा खरी ९११ विकत घेऊन ती स्क्रू-स्क्रू सुटी केली होती. किट उत्तम झाला, पण त्यावर झालेला खर्च निघावा म्हणून १९७६ मध्ये त्याच गाडीची रेडिओ-कंट्रोल आवृत्ती काढावी लागली. ही पोर्शेची गत! लाइफ एल१९० चं काय होईल?

चर्चेत सगळे 'अनोखं हवं' म्हणतात आणि दुकानात हात मॅकलारेन एमपी४/४ च्या खोक्याकडेच जातो. माझाही जातो. १९८८ मध्ये १६ पैकी १५ शर्यती जिंकलेली गाडी आहे ती, ती घ्यावीशी वाटण्यात कमीपणा कसला? सेना-प्रॉस्ट या तिच्या चालकांच्या नावावर होणाऱ्या खपावर किट कंपनी जगते आणि कंपनी जगली तर पुढचं काही निघतं.

दुर्मिळ गाड्यांसाठी थोडेच किट ओतणारे रेझिनवाले आहेत, व्हाइट मेटलवाले आहेत, आता तर थ्रीडी छपाई आहे. पोलादी साचा त्यांच्यासाठी मागू नका.

---

ओला डेकल

दोघांनाही विचारतो: नवे किट हवेतच कशाला? आहेत ते आधी धड करा.

मागच्या महिन्यात जपून ठेवलेला एक जुना किट उघडला. मऊ व्हिनाइलचे टायर इतकी वर्षं पिशवीत स्प्रूला (सुटे भाग जोडलेल्या प्लास्टिकच्या चौकटीला) टेकून पडले होते. जिथे टेकले तिथे टायरने प्लास्टिक खाल्लं होतं. चाकाच्या कडेला मेण वितळल्यासारखा खळगा, आणि टायरवरच्या रेषांचा ठसा त्यात जसाच्या तसा उमटलेला. मग डेकल पाण्यात सोडले. वीस सेकंदांनी कागद वर काढला तर आकडा '५' तीन तुकड्यांत पाण्यावर तरंगत होता. पिवळे पडले असते तर खिडकीच्या काचेला चिकटवून उन्हात पांढरे केले असते. फुटलेल्याला उपाय नाही. (उरलेल्या कागदावर आधी क्लिअर लॅकरचा हात मारा आणि प्रत्येक चिन्ह वेगळं कापून घ्या. मला हे उशिरा सुचलं.)

माझी इच्छा एवढीच: जुना साचा पुन्हा काढाल तेव्हा टायर वेगळ्या पिशवीत, डेकल नव्याने छापलेले, आणि सीटच्या पट्ट्यांसाठी फोटो-एच (कोरून काढलेले पातळ धातूचे भाग). तामियाचा १/१२ टिरेल पी३४ नंतर फोटो-एच भागांसह पुन्हा आलाच ना? तसंच.

आणि तंबाखूच्या जाहिराती. नव्या आवृत्त्यांत त्या नसतात, जागा कोऱ्या सोडतात. लाल-पांढरी गाडी नावाशिवाय उघडी दिसते. मग बाहेरून वेगळे डेकल मागवायचे आणि ते मूळ रंगाशी जुळत नाहीत.

---

पहिला कोट

@ओला डेकल, टायरबद्दल अक्षर न् अक्षर मान्य. तंबाखूबद्दल अजिबात नाही.

माझा नऊ वर्षांचा मुलगा माझ्या शेजारी बसून डेकल लावतो. चिमट्याने उचलतो, श्वास रोखून सरकवतो, बोटाने नाही तर ओल्या ब्रशने दाबतो. त्याने सिगारेटचं नाव इतक्या प्रेमाने एखाद्या गाडीवर बसवावं, हे मला नको आहे. युरोपीय संघाने २००५ मध्ये शर्यतीतूनच त्या जाहिराती काढल्या. खोक्यातून गेल्या तर बिघडलं काय? ज्यांना इतिहास तंतोतंत हवा ते मोठे आहेत, त्यांनी वेगळे डेकल शोधावेत.

---

हेलो २०१८

मी या छंदात नवी आहे आणि इथली यादी वाचून जरा वाईट वाटलं. १९५५, १९७५, १९९०. मी शर्यती बघायला लागले २०२० मध्ये. बहारीनला चालक ग्रोजाँची गाडी कठड्यात घुसून दोन तुकडे झाले, आग लागली आणि तो त्यातून चालत बाहेर आला, ते मी थेट पाहिलं. डोक्यावरच्या त्या हेलोने (चालकाभोवतीच्या संरक्षक कड्याने) त्याला वाचवलं. २०१८ पासून प्रत्येक गाडीवर तो सक्तीचा आहे.

मला हेलो असलेली गाडी बांधायची आहे. तामियाची १/२० रेड बुल आरबी६ बांधली, सुरेख बसली, पण ती २०१० ची. आजच्या पंधरा वर्षांच्या मुलीला तिने काल पाहिलेली गाडी हवी असते. ती मिळाली नाही तर ती धातूची तयार डायकास्ट गाडी घेईल आणि गोंदाची बाटली कधी उघडणारच नाही. मग तुमची मार्च ७५१ विकत घ्यायला वीस वर्षांनी कोण असेल?

---

सँडपेपर ४००

@हेलो २०१८, हा मुद्दा धाग्यातला सगळ्यात वजनदार. फक्त एक अडचण सांगतो. चालू हंगामातल्या गाडीचा संघ बारकावे दाखवत नाही, परवाना महाग, प्रायोजक दर वर्षी बदलतात आणि साचा तयार होईपर्यंत गाडीच जुनी झालेली असते. तरीही, निवड करायची वेळ आली तर मी तुमच्या बाजूने मत देईन, धागालेखकाच्या नाही.

---

साइडकारवाला

चार चाकांवरून उतरा जरा. तामियाची १/१२ होंडा आरसी१६६ ज्यांनी बांधली त्यांना विचारा. २५० सीसीत सहा सिलेंडर, एक्झॉस्टची सहा नळकांडी एकाला एक न लागता मागे न्यायची. तसं काम पुन्हा हवं. माझी मागणी मोटो गुझीची ५०० सीसी व्ही-८, फेअरिंग (बाहेरचं आवरण) काढून ठेवता येईल अशी, आणि रेसिंग साइडकार, बाहेर लोंबकळणाऱ्या साथीदारासकट. प्रोटार ही किट कंपनी काढणारा तार्क्विनिओ प्रोव्हिनी स्वतः दोनदा जगज्जेता मोटारसायकलस्वार होता, कंपनीचं नावही त्याच्या नावातल्या अक्षरांचं. शर्यतीत धावलेल्या माणसाने किट काढले तेव्हा काय काढावं हे त्याला बाजाराने सांगायची गरज पडली नाही.

---

चोविसावा हिस्सा

@सँडपेपर ४००, थ्रीडी छपाईबद्दल माझा अनुभव ऐका. १/२० चा एक पुढचा विशबोन (चाक धरणारा सस्पेन्शनचा दांडा) छापून घेतला. आलेला भाग देखणा होता. आधार कापले, थर घासले, प्रायमर मारला. टायर लावून गाडी उभी केली आणि तीन महिन्यांनी पाहतो तर पुढचं नाक दोन मिलिमीटर खाली. विशबोन भाराने वाकला होता. दुसऱ्यांदा मी आत पितळी तार घातली, तेव्हा टिकला. सुटा भाग म्हणून छपाई चांगली आहे. पूर्ण गाडी तिच्यावर उभी करायची तर प्रत्येकाने तारच ओवत बसायचं का?

आता खर्चाचं. मार्च ७५१ मध्ये इंजिन कोणतं? कॉसवर्थ डीएफव्ही. १९६७ मध्ये हॉलंडच्या झांडव्होर्टला लॉटस ४९ मधून आलं, पहिल्याच शर्यतीत जिंकलं आणि पुढे १५५ ग्रां प्री जिंकून थांबलं. लॉटस ७२, टिरेल ००३, टिरेल पी३४, मॅकलारेन एम२३, लॉटस ७९, सगळ्यांत तेच. म्हणजे ज्या कंपनीकडे १/२० चा चांगला डीएफव्ही आहे तिच्याकडे अर्धी मार्च आधीच तयार आहे! एब्रो या किट कंपनीने लॉटस ४९, ७२सी आणि टिरेल ००३ केल्या, तिन्हींत हेच इंजिन. इंजिनाचा स्प्रू तोच ठेवा, बॉडी नवी करा. सत्तरच्या दशकातल्या छोट्या संघांनीही तेच केलं होतं: इंजिन विकत, गिअरबॉक्स विकत, बाकी स्वतःचं. किटवाल्यांनी तसं करायला हरकत काय?

---

सँडपेपर ४००

हे डोक्यात नव्हतं, खरं सांगतो. पण 'अर्धी तयार' म्हणू नका. मोनोकॉक (गाडीचा मुख्य सांगाडा) नवा, चारही कोपऱ्यांचं सस्पेन्शन नवं, रेडिएटर नवे, विंग नवे. शिवाय डीएफव्हीसुद्धा १९६७ चा आणि १९७५ चा बाहेरून सारखा नाही. इंधनाच्या नळ्या आणि एक्झॉस्ट गाडीगणिक वेगळे जातात. फार तर एक चतुर्थांश तयार.

तेवढ्यावर मी खरेदीदार म्हणून नाव नोंदवेन. लोम्बार्डीची एक. दोन नाही.

---

ओला डेकल

टायर वेगळ्या पिशवीत असतील तर माझीही एक धरा.

---

हेलो २०१८

लोम्बार्डीबद्दल मला कालच कळलं. काल रात्री तिच्या गाडीची छायाचित्रं शोधत बसले होते. पुढून आणि बाजूने पुष्कळ आहेत, पण मागून, गिअरबॉक्स आणि विंगचा खांब दिसेल अशी स्पष्ट एकही सापडली नाही. @चोविसावा हिस्सा, तुमच्याकडे असेल तर इथे टाकाल का? खांब एक आहे की दोन, तेवढं तरी सांगा.