पोपचंच चुकलं तर फादरनं काय करावं?

गंगापूरकर
जय ख्रिस्त. आमच्या युवक मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ फिरतोय. त्यातला परदेशी फादर म्हणतो की फ्रान्सिस खरे पोप नव्हतेच आणि लिओही नाहीत, म्हणून मिस्सात (चर्चमधल्या मुख्य उपासनेत) त्यांचं नाव घेणाऱ्या फादरच्या मिस्साला जाणं पाप आहे. रविवारी मिस्सा सुटल्यावर दोन पोरं आमच्या फादरना चर्चच्या अंगणातच भिडली. फादर म्हणाले, "पोप ते पोप, विषय संपला." पोरांचं समाधान झालं नाही, आणि खरं सांगायचं तर माझंही नाही. डिसेंबर 2023 मध्ये समलिंगी जोडप्यांना आशीर्वाद देण्याबद्दलचं पत्रक रोमहून आलं, ते मला तेव्हाही पटलं नव्हतं. अशा वेळी धर्मगुरूनं गप्प बसावं, उघड बोलावं, की संबंधच तोडावा?

जालन्याचे मास्तर
भाऊ, फादरनी विषय संपवायला नको होता. पोप चुकूच शकत नाहीत असं चर्च शिकवतच नाही. 1870 च्या व्हॅटिकन परिषदेनं अचूकपणा मानला, पण तो फक्त श्रद्धा आणि नीतीबद्दल सगळ्या चर्चला बंधनकारक निर्णय देताना. पोपचं प्रत्येक प्रवचन, प्रत्येक मुलाखत त्यात येत नाही.

चौदाव्या शतकातले पोप बाविसावे जॉन घ्या. 1331 च्या सर्व संतांच्या सणापासून ते प्रवचनांत सांगू लागले की शेवटच्या न्यायापर्यंत संतांनाही देवाचं प्रत्यक्ष दर्शन होत नाही. पोप तेव्हा रोममध्ये नाही, आजच्या फ्रान्समधल्या आविन्योंत राहत होते, आणि त्याच शहरात थॉमस वॉलिस नावाच्या डोमिनिकन संघाच्या धर्मगुरूनं या मताविरुद्ध प्रवचन दिलं. त्याला तुरुंगात टाकलं. मग पॅरिसचे धर्मपंडितही विरोधात गेले. 1334 मध्ये मरणाच्या आदल्या दिवशी पोपनी शब्द मागे घेतला आणि 1336 मध्ये पुढच्या पोपनी खरी शिकवण ठरवून दिली. त्या धर्मगुरूनं तुरुंग सोसला, पण ते पोप नाहीतच असं म्हणत वेगळी चूल मांडली नाही. मला तो माणूस फार मोठा वाटतो.

आता मिस्सात पोपचं नाव गाळण्याचं. माझे वडील कॅटेकिस्ट, म्हणजे गावात धर्मशिक्षण देणारे, होते. औरंगाबाद धर्मप्रांत अमरावतीतून वेगळा झाला 1977 ला, आणि पुढच्याच वर्षी सहावे पॉल गेले, पहिले जॉन पॉल महिन्याभरात गेले, मग दुसरे जॉन पॉल आले. नवं नाव फादरच्या तोंडी बसावं म्हणून वडील मिस्साच्या पुस्तकात पेन्सिलनं चिठ्ठी लिहून ठेवत. आणि मधल्या दिवसांत नावच नसे, कारण खुर्ची खरोखर रिकामी. 2025 मध्ये 21 एप्रिल ते 8 मे तेच झालं, फादर थेट बिशपांच्या नावावर यायचे. म्हणजे नाव गाळणं ही नुसती नाराजी होत नाही, खुर्ची रिकामी आहे असं वेदीवरून जाहीर करणं होतं. तो अधिकार गावच्या फादरला कुणी दिला? चर्चच्या कायद्यात कलम 1404 स्पष्ट आहे: पोपचा न्याय कुणीही करू शकत नाही.

पैठणचा विश्वासू
मास्तर, मान ठेवून बोलतो. 2016 मध्ये चार कार्डिनलांनी (पोपखालोखालच्या मानाच्या धर्मगुरूंनी) पोप फ्रान्सिसना पाच प्रश्न लिहून दिले, अगदी रीतीनं. उत्तर आलं नाही. त्यातले कफारा आणि माइस्नर 2017 मध्ये वाट बघतच वारले. 2021 मध्ये जुन्या लॅटिन मिस्सावर पुन्हा बंधनं आली. नम्रपणे विचारून काय मिळालं? जुन्या मिस्सासाठी झगडणारे फ्रेंच आर्चबिशप लफेव्र यांनी 1988 ला रोमच्या परवानगीशिवाय चार बिशप केले नसते, तर ती मिस्सा आज कुठं दिसली असती? मेंढरं उपाशी असताना मेंढपाळानं पत्रव्यवहारच करत बसायचं का?

जालन्याचे मास्तर
तुमची तळमळ खरी आहे, आणि त्या चौघांना उत्तर मिळायला हवं होतं हे मीही म्हणतो. पण लफेव्र यांनी मिस्सात पोपचं नाव कधी गाळलं नाही. नाव गाळा म्हणणाऱ्या धर्मगुरूंना त्यांनीच आपल्या संघातून काढलं. म्हणजे व्हिडिओतला फादर त्यांच्याही बाजूचा नाही. परवानगीशिवाय बिशप करणं मात्र मला पटत नाही. बोलणं वेगळं, समांतर बिशप उभे करणं वेगळं. त्यांचेच काही धर्मगुरू त्याच वर्षी बाहेर पडले आणि रोमच्या परवानगीनं तीच जुनी मिस्सा करत राहिले.

गंगापूरकर, तुम्ही म्हणता त्या पत्रकावर आफ्रिकेनं काय केलं ते पोरांना सांगा. काँगोतल्या किन्शासाचे कार्डिनल अम्बोंगो रोमला गेले, पोपसमोर बसले, आणि जानेवारी 2024 मध्ये आफ्रिकेच्या बिशपांतर्फे जाहीर केलं की आमच्याकडे हे आशीर्वाद दिले जाणार नाहीत. पौलानं अंत्युखियात पेत्राला, म्हणजे आपण पहिले पोप मानतो त्यांना, असंच तोंडावर सुनावलं होतं. गलतीकरांस पत्र, दुसरा अध्याय. फादरनी नकार द्यावा, बिशपांना लिहावं, लोकांना खरी शिकवण सांगावी. कलम 212 प्रमाणं आपणही आदरानं बोलू शकतो, कधी कधी बोललंच पाहिजे. पण वेदीवर नाव राहिलं पाहिजे.

पैठणचा विश्वासू
आफ्रिकेचं मान्य. 1988 बद्दल माझं मत तेच आहे.

गंगापूरकर
फादरना फोन केला. शुक्रवारी जपमाळेनंतर बसू म्हणाले, त्या दोन्ही पोरांना घेऊन या म्हणाले. पैठणचे भाऊ, तुम्हीही या. 1988 चं तुम्हीच मांडा, मी नीट मांडू शकणार नाही.