आठवड्यातून एकदा क्लास, उरलेले दिवस अंगण: ॲजिलिटीचा घरचा सराव नेमका कशाचा करावा?

चिंगीची आई

नमस्कार. आमची कुत्री चिंगी १४ महिन्यांची आहे. ती मिश्र जातीची असून खांद्यापाशी तिची उंची साधारण ४० सेंमी भरते. अंगाने हलकी, स्वभावाने धीट आणि खाऊपेक्षा चेंडूवर अधिक जीव असलेली. गेले काही महिने आम्ही आठवड्यातून एकदा ॲजिलिटीच्या, म्हणजे कुत्र्यांच्या अडथळा-शर्यतीच्या क्लासला जातो. टनेल (बोगदा) आणि बुटक्या जंप (दांड्यावरून उडी) ती आनंदाने करते, मात्र तीन ठिकाणी गाडी अडली आहे. ए-फ्रेमवरून, म्हणजे दोन्हीकडे उतार असलेल्या उंच अडथळ्यावरून, उतरताना ती शेवटचा पिवळा पट्टा न शिवता वरूनच खाली झेप घेते. वीव्ह पोलमध्ये (रांगेतल्या खांबांमधून नागमोडी जायचे असते त्यात) शिरते झकास, पण शेवटचे दोनतीन पोल सोडून बाहेर पडते. आणि सी-सॉची, म्हणजे मध्यावर झुलणारी, फळी जमिनीवर आपटल्याचा आवाज एकदा ऐकल्यापासून ती फळीच्या जवळही फिरकत नाही.

ट्रेनर प्रत्येक वेळी ‘घरी सराव करा’ असे सांगतात, परंतु क्लासमध्ये बरीच कुत्री असल्यामुळे घरी नेमके काय करायचे हे सविस्तर विचारायला सवड मिळत नाही. आमचे अंगण सुमारे १० मीटर लांब आणि ६ मीटर रुंद आहे. त्यातील निम्म्या भागात हिरवळ आहे आणि उरलेल्या भागात फरशी. बारा वीव्ह पोलचा संच आणि एक लहान सी-सॉ विकत घ्यावा, असा विचार चालू आहे. हा खर्च करणे योग्य ठरेल का? की एवढ्याशा जागेत दुसरेच काही करणे अधिक उपयोगाचे आहे?

मु. पो. मैदान

खरेदी तूर्त थांबवा, असे मी सुचवेन. अंगणात अडथळे मांडून क्लासची छोटी आवृत्ती उभी करण्याचा मोह सर्वांनाच होतो, पण तुमच्या जागेचे गणित पाहा. आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाच्या, म्हणजे एफसीआयच्या नियमांनुसार लागोपाठच्या दोन अडथळ्यांमध्ये साधारण ५ ते ७ मीटर अंतर असते. १० मीटरच्या अंगणात दोन जंप कशाबशा बसतील आणि दुसऱ्या जंपनंतर उतरायला जी मोकळी जागा लागते ती कुंपणात जाईल. कुत्र्याला हे पटकन उमगते आणि ते उडी आखडून घ्यायला शिकते. ती सवय मग मोठ्या मैदानावर मोडता मोडत नाही.

दुसरा मुद्दा वयाचा. कुत्र्यांच्या लांब हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या पट्ट्या लहान जातींमध्ये लवकर बंद होतात, मोठ्या जातींमध्ये दीड वर्षापर्यंत किंवा त्याहूनही उशिरा. चिंगी मिश्र जातीची असल्यामुळे अंदाज बांधण्यापेक्षा पशुवैद्यांना एकदा दाखवून घेणे बरे. एफसीआयच्या स्पर्धेत १८ महिने पूर्ण झाल्याखेरीज कुत्र्याला उतरताच येत नाही, हा नियम त्यासाठीच आहे. ४० सेंमी उंचीचे कुत्रे मध्यम गटात मोडते आणि त्या गटाच्या जंपचा दांडा ३५ ते ४० सेंमीवर असतो, परंतु ती उंची गाठण्याची आज काहीच घाई नाही. घरी दांडा जमिनीवर, फार तर तिच्या पुढच्या पायाच्या मनगटाएवढ्या उंचीवर ठेवा आणि फरशीवर एकही उडी नको.

आता ए-फ्रेम. स्पर्धेत तिची शेंड्याची उंची १.७० मीटर असते आणि उतरणीच्या शेवटच्या १०६ सेंमी भागात निदान एक पंजा पडावाच लागतो. तो चुकला की पाच दोष, म्हणजे दंडाचे गुण. तो भाग वेगळ्या रंगाचा असतो खरा, पण तो रंग परीक्षकासाठी आणि आपल्यासाठी असतो. ‘इथे पाय टेकव’ असा अर्थ कुत्रे त्यातून आपणहून काढत नाही. तिला समजायला हवी ती शरीराची एक ठरावीक अवस्था: मागचे दोन पाय फळीवर, पुढचे दोन जमिनीवर आणि ‘आता निघ’ असे सांगणारा सुटकेचा शब्द येईपर्यंत तिथेच थांबणे. ही अवस्था शिकवायला ए-फ्रेम मुळीच लागत नाही. सुमारे ३० सेंमी रुंदीची, न डगमगणारी एक फळी हिरवळीवर सपाट ठेवा. चिंगीला बाजूने फळीवर चढवा, दोन पावले चालू द्या आणि पुढचे पाय जमिनीवर टेकताच खाऊ तिच्या दोन पंजांच्या मध्ये, नाकाच्या किंचित मागे, अगदी गवतावर ठेवा. हातातून वर धरून दिलात तर मान वर होते, वजन पुढे सरकते आणि मागचे पाय फळीवरून घसरतात. खाऊ खाली आणि जरा मागे दिला की वजन आपोआप मागच्या पायांवर राहते. हे पक्के झाल्यावर फळीचे एक टोक विटेवर ठेवून थोडा उतार द्या. क्लासमध्ये ए-फ्रेम खाली करून मिळत असेल तर त्यानंतर तिथे हीच गोष्ट मागा. तोवर उंच ए-फ्रेम न केलेलीच बरी, कारण वरून मारलेली प्रत्येक झेप हासुद्धा एक सरावच असतो.

धावतच पट्टा शिवायला शिकवण्याची पद्धतही आहे आणि वेगवान कुत्र्यांना ती शोभून दिसते, पण तिच्यासाठी लांब मोकळी जागा आणि प्रत्येक पाऊल अचूक टिपणारी नजर लागते. अंगणात तिच्या वाटेला जाऊ नये.

बोगद्यापलीकडे

वरील बहुतेक सर्व मान्य आहे. फक्त वीव्ह पोलबाबत थोडी भर. बारा पोलचा संच नको, पण दोन पोल मात्र अवश्य घ्या. स्पर्धेत १२ पोल ६० सेंमी अंतरावर एका रेषेत असतात आणि कुत्र्याने पहिला पोल आपल्या डाव्या खांद्याशी ठेवून आत शिरायचे असते. हा नियम कुठल्याही दिशेने आले तरी बदलत नाही. दोन पोलांत हे प्रवेशाचे सगळे कोन शिकवता येतात. समोरून, तिरपे उजवीकडून, तिरपे डावीकडून आणि शेवटी जवळजवळ काटकोनात. तुमच्या हिरवळीवर हे निवांत मावते आणि पाठीच्या कण्याला सतत पिळ बसत नाही. अजून वाढ पूर्ण न झालेल्या कुत्र्याकडून बारा पोलांच्या फेऱ्या करून घेण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. पोल जमिनीत रोवायचे असल्यास खांद्याचा धक्का बसताच लवतील असे घ्या. ताठ लोखंडी गज नकोत.

शेवटचे पोल सोडण्याचे कारण मात्र बहुधा चिंगीत नसून तुमच्या पायांत आहे. दहाव्या पोलच्या सुमारास हँडलर, म्हणजे कुत्र्यासोबत धावणारा माणूस, नकळत वेग कमी करतो, खांदा कुत्र्याकडे वळवतो किंवा बक्षिसासाठी खिशात हात घालतो. कुत्रे शब्दांपेक्षा आपल्या हालचाली कितीतरी आधी वाचते. त्यामुळे तो खिशाकडे गेलेला हातच तिच्या दृष्टीने ‘झाले, या आता’ असा निरोप असतो. चेंडू आधीपासून हातात ठेवा, शेवटच्या पोलच्या पुढेही त्याच वेगाने सरळ चालत राहा आणि ती बाहेर पडल्यावर चेंडू तुमच्या दिशेने न टाकता पोलांच्या रेषेत पुढे फेका. बक्षीस जिथे पडते तिकडे कुत्र्याची नजर असते आणि नजर जिकडे तिकडे शरीर. क्लासमध्ये कुणाला तरी मोबाइलवर तुमचे फक्त पाय चित्रित करायला सांगा. ते पाहून पुष्कळ खुलासा होईल.

सावकाश

सी-सॉविषयी लिहितो, कारण या तिघांत काळजीची गोष्ट तीच आहे. बाकीचे दोन प्रश्न तंत्राचे आहेत, हा भीतीचा आहे, आणि भीती रेटून गेल्याने वाढते. क्लासमध्ये कुणी ‘खाऊ दाखवून वर न्या, होईल सवय’ म्हणाले तर नम्रपणे नकार द्या. खाऊच्या मागे मागे ती फळीच्या मध्यापर्यंत जाईल, फळी झुकू लागल्यावर भानावर येईल आणि यापुढे खाऊचाही संशय घेऊ लागेल.

सी-सॉमध्ये दोन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र आलेल्या असतात: पायाखालचे हलणे आणि टोकाचा आवाज. घरी त्या सुट्या करा. हलण्यासाठी एका रुंद पाटाखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवा, म्हणजे पाट बोटभरच हलेल. तिने एक पंजा ठेवला तरी खाऊ, उतरली तरी रागवायचे नाही. येणे-जाणे तिच्या मर्जीवर. आवाजासाठी फळीचे टोक तुम्ही हाताने जमिनीपासून दोन-तीन सेंमी उचलून धरा आणि चिंगीला पुढच्या पंजांनी ते खाली दाबू द्या. आवाज तिने स्वतः केला आणि त्यातून खाऊ मिळाला, हा क्रम महत्त्वाचा. सुरुवातीला फळीखाली जुनी चटई असू द्या. ती आपणहून टोक आपटू लागली की चटई काढा, मग उंची हळूहळू वाढवा. कान मागे जाणे, ओठ चाटणे, जांभई देणे किंवा खाऊ घेताना दात जरा जोरात लागणे, यांपैकी काहीही दिसले तर एक पायरी मागे जा. धीट कुत्र्यांच्या बाबतीत या खुणा हमखास नजरेतून निसटतात, कारण आपण त्या शोधतच नाही.

चिंगी हलकी आहे हेही ध्यानात ठेवा. जड कुत्र्याच्या वजनाने फळी मध्याच्या जरा पुढे येताच झपकन खाली जाते. हलक्या कुत्र्याला टोकाच्या बरेच जवळ जाऊन फळी टेकेपर्यंत धीर धरावा लागतो. ‘टोकापर्यंत जा आणि थांब’ हे तिला वर सांगितलेल्या, ए-फ्रेमसाठीच्या फळीच्या सरावातूनच मिळणार आहे. म्हणून सी-सॉ विकत घेऊ नका. घरचा लहान सी-सॉ वेगळ्या वेगाने झुकतो आणि मैदानावरचा वेगळ्या. भित्र्या अवस्थेत हा फरक तिला पुन्हा दचकवेल.

चिंगीची आई

सर्वांचे मनःपूर्वक आभार. खरेदी रद्द केली आहे. जुन्या कपाटाची एक भक्कम फळी मिळाली, तिच्यावर घसरू नये म्हणून रबरी चटई चिकटवली आणि सराव सुरू केला. खाऊ पंजांच्या मध्ये ठेवल्याचा फरक लगेच जाणवला. ती आता मान खाली घालून थांबते. पाटावर चारही पाय ठेवते, मात्र फळीचे टोक आपटण्याचा खेळ अद्याप चटईवरच चालू आहे.

एक अडचण उरली आहे. फळीच्या टोकाशी ती थांबते, पण माझा सुटकेचा शब्द पुरता तोंडातून बाहेर पडण्याआधीच निघते. हा तिचा उतावळेपणा समजावा का? आणि रोज किती वेळ सराव असावा?

बोगद्यापलीकडे

ताई, पुन्हा पायच. शब्द उच्चारण्याच्या क्षणी तुम्ही पुढे पाऊल टाकत असाल तर ती पावलावर सुटते आणि शब्द तिच्यासाठी निव्वळ पार्श्वसंगीत ठरतो. पुतळ्यासारख्या उभ्या राहा, शब्द उच्चारा, मनात एक मोजा आणि मगच हला. ते जमले की उलटे करून पाहा: शब्द न उच्चारता एक पाऊल टाका, हात हलवा, वळा, आणि तरीही ती थांबली तर भरघोस बक्षीस द्या. ती सुटली तर न रागावता पुन्हा फळीवर घ्या आणि पुढच्या खेपेस तुमची हालचाल निम्मी करा.

मु. पो. मैदान

वेळेबद्दल: तीन ते पाच मिनिटांचे तुकडे, दिवसातून एक-दोनदा, आणि त्याआधी थोडे चालणे व हलके धावणे. सुस्तावलेल्या अंगाने थेट फळीवर नेऊ नका. तिचा वेग किंवा उत्साह उतरण्याच्या आत थांबावे. ती ‘आणखी’ म्हणत असताना खेळ आवरणे आपल्याला जड जाते, तिला नाही. आठवड्यातून निदान एक दिवस सरावाला पूर्ण सुट्टी असू द्यावी. क्लासच्या दुसऱ्या दिवशी ती दिल्यास उत्तम.

आणि अंगणात एक सराव चिंगीला घरात ठेवून करा. स्पर्धेत धावण्यापूर्वी हँडलरला कुत्र्याविना मार्ग चालून पाहायला मिळतो, तो काही उगाच नाही. दोन बादल्या जंपच्या जागी मांडा आणि कुत्र्याच्या पुढून बाजू बदलण्याचा सराव, म्हणजे फ्रंट क्रॉस, धावत करा. वळताना तोंड कायम कुत्र्याकडे असले पाहिजे, हाताची अदलाबदल वळणाच्या आतच झाली पाहिजे आणि चिंगी उडी घेण्यापूर्वी तुमचे वळण संपलेले असले पाहिजे. उशीर झाला की तिला हवेतच दिशा बदलावी लागते, दांडा पडतो आणि खांद्याला हिसका बसतो. शेजारी गमतीने पाहतील, त्याला इलाज नाही. पाय स्वतःहून वळू लागले की एकच बुटकी जंप मांडून तिच्याभोवती दोन्ही बाजूंनी वळण्याचा सराव चिंगीसह करा. तेवढ्याला तुमची हिरवळ पुरेशी आहे.

पुढच्या क्लासला ट्रेनरना एवढेच विचारा की ए-फ्रेम खाली करून, फळीवरचीच अवस्था तिच्या शेवटच्या टोकाशी करून पाहायला पाच मिनिटे मिळतील का. चिंगीने घरी काय शिकले हे दाखवणारे मोबाइलवरचे चित्रीकरण सोबत न्या, म्हणजे क्लासमध्ये आणि घरी एकच शब्द आणि एकच पद्धत वापरली जाईल. सी-सॉच्या वेळी मात्र दुसऱ्या कुत्र्यांची पाळी चालू असेल तेव्हा तिला जरा लांब, आवाज बोथट होईल इतक्या अंतरावर उभी करा आणि फळी आपटली की दर वेळी चेंडू द्या.